दारे धरणारा रेणू

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आबांनी शेतातून कापसाची एक फांदी मोडून आणली आणि ओसरीवर माझ्यासमोर ठेवली. फांदीची खालची पाने नेहमीसारखीच, पंजासारखी रुंद आणि मऊ लवेची होती. वरच्या पानांना मात्र पान म्हणवत नव्हते. त्यांचे पाते आक्रसले होते, शिरा एकमेकींना खेटून समांतर उभ्या राहिल्या होत्या, कडा लांब बोटांसारख्या खाली ओघळल्या होत्या आणि देठांना पीळ पडला होता. बोटाने चोळले की ते पान कापसाच्या नेहमीच्या पानापेक्षा जाड, कडक आणि सुरकुतलेले लागे. "पऱ्हाटीला भेंडीची पानं फुटायलीत," आबा म्हणाले.

आमचे शेत पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आहे. कालव्याचे पाणी आले तसा आमच्याकडे ऊस आला, आणि आता एका बांधाच्या अलीकडे कापूस व पलीकडे ऊस हे चित्र सर्रास दिसते. पश्चिमेच्या बांधाला लागून भावकीतल्याच एका शेतकऱ्याचा ऊस होता. त्यात चढलेल्या वेलतणावर त्याने चार-पाच दिवसांपूर्वी टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते, त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता आणि फवाऱ्याचे बारीक तुषार आमच्या कापसावर आले होते. वाद झाला, दोन्हीकडून शब्द गेले, पंचनाम्याची भाषाही झाली, आणि अखेर श्रावण आहे म्हणून दोघेही गप्प बसले. त्या भांडणातले मला आज काही आठवायचे नाही. त्या दिवशी दुपारी जेवताना आबांनी विचारलेला प्रश्न मात्र मी विसरू शकलेले नाही. ते म्हणाले, "औषध म्हणलं की तण वाळावं. आपला कापूस तर वाळला नाही, उलट वाढायलाच लागला, पण वाकडा. त्याला असं वाढायला सांगितलं कुणी?"

मी परभणीत अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते. वनस्पतींची संप्रेरके हा धडा मी कित्येक वर्षे फळ्यावर पाच नावे लिहून, प्रत्येकासमोर त्याची कामे मांडून शिकवत आले होते. ऑक्सिनने खोड प्रकाशाकडे वळते, जिबरेलिनने कांडी लांबते, इथिलिनने फळ पिकते, असा तो पाठ असे. त्यात चूक काहीच नाही. परंतु आबांचा प्रश्न त्या यादीने सुटत नव्हता, कारण त्यांना काम विचारायचे नव्हते, सांगणारा कोण हे विचारायचे होते. कापसाच्या पेशीत पानाचा आराखडा तर तोच होता, जनुके तीच होती. मग त्याच आराखड्यातून भेंडीचे पान कसे निघाले?

ऑक्सिनचा शोध मुळात वळण्याच्या निरीक्षणातून लागला. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्यासह गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग केले आणि १८८० साली लिहून ठेवले की, प्रकाश शेंड्याला जाणवतो, पण वळण त्याच्या खालच्या भागाला येते. म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी जाते. ते 'काहीतरी' १९२८ साली डच संशोधक फ्रिट्स वेंट यांनी अक्षरशः ठोकळ्यात पकडले. ओटच्या अंकुराचे शेंडे कापून त्यांनी आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या ठोकळ्यावर ठेवले, मग नुसता तो ठोकळा शेंडा छाटलेल्या अंकुरावर एका कडेला ठेवला, आणि अंधारातही अंकुर विरुद्ध बाजूला वळला. पुढे या पदार्थाची ओळख पटली, इंडोल ॲसेटिक ॲसिड. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्यासारखे वागणारे कृत्रिम रेणू तयार करताना टू-फोर-डी हाती आले. १९४५ च्या सुमारास ते बाजारात आले आणि जगभरच्या शेतांत पसरले. ते ऑक्सिनची नक्कल करते एवढे सर्वांना माहीत होते. ऑक्सिन पेशीत नेमके कुठे बसते, हे मात्र कळायला २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे साठ वर्षे आपण एक किल्ली वापरत होतो आणि तिचे कुलूप कुणी पाहिलेले नव्हते.

ते कुलूप मला समजले तेव्हा माझी जी समजूत मोडली ती अशी. संप्रेरक या शब्दातच प्रेरणा आहे. दुकानात त्याला संजीवक म्हणतात, त्यातही जीव ओतण्याची कल्पना आहे. त्यामुळे ऑक्सिन पेशीत जाते, जनुकाला हुकूम सोडते आणि जनुक कामाला लागते, असेच चित्र माझ्या मनात होते. प्रत्यक्षात ऑक्सिन जनुकाला शिवतही नाही. जनुक कामाला लावणारी प्रथिने तिथे आधीपासूनच तयार बसलेली असतात. त्यांना एआरएफ म्हणतात. ऑक्सिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या अलीकडे डीएनएवर टी-जी-टी-सी-टी-सी अशी सहा अक्षरांची खूण असते आणि एआरएफ त्या खुणेला धरून असतात. पण त्यांच्या मानेवर दुसरे एक प्रथिन बसलेले असते, ऑक्स-आयएए नावाचे. ते एआरएफला काम करू देत नाही. शिवाय ते एकटे नसते. टॉपलेस नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला ते सोबत आणून बसवते, आणि टॉपलेस अशी विकरे (एन्झाइम) जवळ बोलावते जी डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे ॲसेटिल गट काढून टाकतात. मग धागा हिस्टोनाला घट्ट चिकटतो, गुंडाळी आवळली जाते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला वाव राहत नाही. सारे साहित्य जागेवर आहे, कामगार हजर आहे, आणि काम बंद आहे, अशी ती स्थिती असते.

ऑक्सिन या मधल्या अडवणाऱ्याला हटवते. पेशीत नको झालेल्या प्रथिनांवर खूण मारून त्यांना मोडीत काढण्याची एक व्यवस्था असते. युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन साखळीने ज्याला जोडले जाते, ते प्रोटिएसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाऊन तुकडे-तुकडे होते. या व्यवस्थेच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मार्क एस्टेल व ब्रिटनमध्ये ओटोलिन लेसर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, ऑक्सिनचा ग्राही, म्हणजे त्याला धरणारे प्रथिन, शोधायला पेशीच्या पडद्यावर जायलाच नको. खूण मारणाऱ्या या यंत्रणेचाच टीआयआर-१ नावाचा एक भाग ऑक्सिनला थेट धरतो. २००७ साली निंग झेंग यांच्या गटाने त्याची स्फटिकरचना उलगडली. टीआयआर-१ च्या माथ्यावर एक खोबण आहे. ऑक्सिन त्या खोबणीच्या तळाशी जाऊन बसते, आणि ऑक्स-आयएएचा एक छोटा पट्टा वरून येऊन तिथेच चिकटतो. टीआयआर-१ चा आकार त्याने बदलत नाही. ऑक्सिन तिथे फक्त फट भरून काढते. डिंकाच्या थेंबाने दोन कागद चिकटावेत तशी दोन प्रथिने त्याच्यामुळे एकमेकांना धरतात. चिकटली की खूण मारली जाते, ऑक्स-आयएए मोडीत जाते, एआरएफ मोकळे होतात, गुंडाळी सैल होते आणि काही मिनिटांत जनुके वाचली जाऊ लागतात. त्याच खोबणीत टू-फोर-डी बसवून झेंग यांच्या गटाने त्याचीही रचना पाहिली होती. ते कागदावरचे चित्र पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या बांधावरचा कापूस उभा राहिला. आबांच्या प्रश्नातला 'कुणी' मला तिथे दिसला.

हे सगळे मी आबांना सांगितले, अर्थातच या शब्दांत नव्हे. मी पेशी, कागद, डिंक असे काहीबाही करून सांगत होते. ते ऐकत होते आणि मग म्हणाले, "म्हणजे दारं धरल्यासारखं." त्या एका वाक्याने त्यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले. ज्याने रात्रपाळीच्या विजेवर पाणी दिले आहे त्याला हे लगेच पटेल. पाटात पाणी वाहत असते, पण सरीच्या तोंडाशी मातीचा बांध असतो. दारे धरणारा माणूस पाणी ढकलत नाही; तो खोऱ्याने तेवढी माती ओढतो आणि पाणी आपल्या ओढीने सरीत शिरते. सरी भरली की तीच माती पुन्हा तोंडाला लावतो. पेशीतही अगदी हेच घडते, कारण एआरएफ मोकळे झाल्यावर जी जनुके सर्वांत आधी जागी होतात, त्यांत खुद्द ऑक्स-आयएएची जनुके असतात. बांध फुटला की त्या पाण्यानेच नवा बांध घालायची माती आणली जाते. त्याच वेळी जीएच-३ नावाची विकरे तयार होतात, जी ऑक्सिनला अमिनो आम्लाशी बांधून बाजूला काढतात. उघडणे आणि बुजवणे यांची लय सांभाळत पान वाढते. कुठली पेशी किती फुगायची, कुठली शीर कुठून जायची, हे त्या लयीतून ठरते.

टू-फोर-डी ही लय मोडते. ऑक्सिनला जागेवरून हटवण्याची जी साधने कापसापाशी आहेत, ती या कृत्रिम रेणूवर नीट चालत नाहीत. ते खोबणीत येत राहते, नवा बांध घातला जातो आणि लगेच फुटतो, पुन्हा घातला जातो आणि पुन्हा फुटतो. जिथे वाढ थांबायला हवी तिथे ती चालू राहते, जिथे पाते पसरायला हवे तिथे शिराच दाटतात. मात्रा मोठी असेल तर पेशी इथिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करू लागतात, देठ मुरडतात आणि झाड मरते. तणनाशक म्हणून त्याचा उपयोग होतो तो यामुळे. आमच्या कापसावर वाऱ्याने आलेली मात्रा थोडी होती, म्हणून झाड मेले नाही, वाकडे वाढले. उसासारखी गवतवर्गीय पिके हा रेणू बऱ्यापैकी निष्प्रभ करतात आणि त्यांच्या अंगात तो फारसा फिरतही नाही, म्हणून ऊस तसाच उभा राहतो. रुंद पानांच्या पिकांत कापूस तर याबाबतीत अतिशय नाजूक, एवढा की पंप नीट न धुता दुसऱ्या फवारणीला घेतला तरी पाने बिघडतात. पंप वेगळा ठेवावा, वारा पाहावा, एस्टर प्रकारचे औषध उन्हात वाफ होऊन लांब जाते हे लक्षात घ्यावे, या गोष्टी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत आणि तरीही त्या पाळल्या जात नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. एका माणसाच्या घाईत दुसऱ्याचा हंगाम जातो.

आबांनी पुढे विचारले की, मग पातेगळ, म्हणजे कोवळ्या कळ्यांची गळ, थांबावी म्हणून आपण एनएए फवारतो ते काय असते. तेही ऑक्सिनच असते, आणि तेही त्याच खोबणीत बसते. एकाच कुलपाची एक किल्ली पाते टिकवते आणि दुसरी पान बिघडवते हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. यातला भेद मात्रेत आहे, वेळेत आहे आणि पेशीच्या स्वभावात आहे. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात, ज्यावर हा सारा अभ्यास झाला, २९ प्रकारची ऑक्स-आयएए आणि २३ प्रकारचे एआरएफ आहेत. मुळाच्या पेशीत त्यांतले काही, पानात वेगळे, देठाच्या तळाशी आणखी वेगळे. कुठला बांध कुठल्या सरीच्या तोंडाशी घातलेला आहे यावर पाणी कुठे जाणार हे ठरते. खोरे सगळीकडे एकच.

त्या फांदीपासून सुरू झालेल्या वाचनात मला पुढे एक गोष्ट आढळली आणि मी मराठवाड्यातली असल्यामुळे ती मला विशेष जवळची वाटली. आपण ज्याला पांढरे सोने म्हणतो आणि ज्याच्या भावावर इथल्या घरांतली लग्ने ठरतात, त्या कापसाच्या झाडातून एक सोडून दोन संप्रेरके जगाला मिळाली. पहिले म्हणजे ॲब्सिसिक ॲसिड. कोवळी बोंडे अवेळी का गळतात हे शोधताना कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाने १९६३ साली ढीगभर कोवळ्या बोंडांतून काही मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले आणि गळतीवरूनच त्याला नाव दिले. पुढे असे निघाले की, गळतीचा मुख्य कारभार इथिलिनकडे आहे आणि या आम्लाचे खरे काम दुष्काळाशी झगडण्याचे आहे. नाव चुकीचे चिकटले, पण पदार्थ आपल्या कामाचा निघाला.

मराठवाड्यात पावसाचा खंड पडणे ही वर्षाआड अनुभवायची गोष्ट आहे. पंधरा-वीस दिवस थेंब नाही, काळी जमीन भेगाळली आहे, आणि दुपारी कापसाची पाने मान टाकून उभी आहेत. त्या वेळी पानात ॲब्सिसिक ॲसिड वाढत असते. त्याचा ग्राही २००९ साली सापडला आणि तिथेही तोच प्रकार निघाला. एसएनआरके-२ नावाची विकरे दुष्काळाची जनुके जागी करायला तयारच असतात. त्यांना दुसरी काही विकरे, पीपी-२सी, दाबून ठेवतात. ॲब्सिसिक ॲसिड ग्राहीच्या पोकळीत शिरते, ग्राहीचे झाकण त्याच्यावर मिटते आणि त्या मिटलेल्या झाकणानिशी ग्राही जाऊन दाबणाऱ्यालाच अडवतो. मोकळी झालेली विकरे पर्णरंध्रे मिटवतात, आणि पेशीकेंद्रात जाऊन जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. मग पेशी कोरडेपणात टिकवणारी प्रथिने बनू लागतात. संध्याकाळी पान पुन्हा ताठ होते, आणि आपण म्हणतो, कापूस तग धरून आहे.

दुसरे संप्रेरक टारफुल्याच्या मार्गाने सापडले. ज्वारीच्या मुळांवर जगणारे हे परजीवी तण जुन्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. जमिनीवर दिसण्याआधीच ते ज्वारीचे निम्मे सत्त्व खाली शोषून बसलेले असते. त्याचे धुळीसारखे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि जवळ मूळ आल्याची खूण मिळाली तरच रुजते. ती खूण असलेला पदार्थ, स्ट्रायगॉल, १९६६ साली वेगळा केला गेला तो कापसाच्या मुळांच्या स्रावातून. कापसावर टारफुला जगू शकत नाही, पण कापसाच्या हाकेने त्याचे बी उगवते आणि आधाराविना मरते. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या जुन्या फेरपालटीत हा लाभ नकळत मिळत असे. झाड हा पदार्थ टारफुल्यासाठी अर्थातच सोडत नाही. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला ते बोलावत असते. २००८ साली कळले की याच कुळातला पदार्थ झाडाच्या आत फांद्यांची संख्या आवरणारे संप्रेरकही आहे, आणि त्याची रीत पुन्हा तीच: डी-१४ या ग्राहीत तो बसला की डी-५३ नावाचे अडवणारे प्रथिन मोडीत निघते.

जिबरेलिनची गोष्ट गव्हावरून अधिक स्पष्ट होते. त्याच्या वाटेत डेला प्रथिने आडवी असतात आणि जिबरेलिन आले की ती मोडीत जातात, कांडी लांबते. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात या डेलाचा नेमका तो तुकडा बदललेला आहे, ज्याला धरून त्याला मोडीत काढले जाते. जिबरेलिन येते, पण बांध हटत नाही. गहू बुटका राहतो, ओंबीच्या भाराने लोळत नाही. कापूस माजू लागला की आमच्याकडे मेपिक्वॅट क्लोराइड फवारतात, तेव्हा बांध तसाच ठेवून खोरेच काढून घेतलेले असते, कारण त्याने जिबरेलिनची निर्मितीच घटते. आढीतल्या केसर आंब्यातही इथिलिन आले की पिकणे अडवून धरणारे ग्राही गप्प होतात. सगळीकडे हेच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. सायटोकायनिन या संप्रेरकाचा निरोप फॉस्फेटच्या रूपाने एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, हातोहात पेशीकेंद्रापर्यंत जातो; तिथे खरोखरच कुणीतरी येऊन सांगते. पण बाकीच्यांकडे पाहताना मला जाणवते की, झाडाने आपली वाढ, आपला दुष्काळ, आपले पिकणे आधीच तयार करून अडवून ठेवलेले आहे. जागेवरून हलता न येणाऱ्या जीवाला हेच सोयीचे असावे. ढग आल्यावर पाट खणायला घेतला तर उशीर होतो.

त्या वर्षी भाद्रपदात कापसाने पुन्हा सरळ पाने टाकली. पश्चिमेकडच्या आठ-दहा ओळींना बोंडे कमी लागली आणि जी लागली ती लहान राहिली. वेचणीला आबांनी त्या ओळींचा कापूस वेगळा भरला नाही, सगळ्यांत मिसळला. माघात पऱ्हाट्या उपटताना मी त्यातली एक मागून घेतली. तळापासून पेरे मोजली, तर अकराव्यापर्यंत कांडी सारखी होती, बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत आखूड आणि किंचित वाकलेली, आणि तिथून शेंड्यापर्यंत पुन्हा सरळ. फवाऱ्याच्या वेळी जी पाने उघडलेली होती त्यांना काही झाले नव्हते. जी शेंड्यात अजून घडत होती तीच बिघडली होती. बाराव्या आणि सोळाव्या पेराला मी पांढरा दोरा बांधला आहे. ती पऱ्हाटी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी असते, आणि ऑक्सिनचा धडा आला की मी फळ्यावर नावे लिहिण्याआधी ती मुलांच्या हातात देते. मुले बोटाने पेरे मोजत वर जातात आणि दोऱ्यापाशी थांबतात.